साखळी, संमती आणि पाळकीय सेवा

मंडळीतील एखाद्या घरी कोणाचे मन बिघडले म्हणजे डॉक्टरांच्या आधी बहुधा पाळकांस किंवा धर्मशिक्षकांस बोलावणे येते. घरची माणसे रात्रीच्या रात्री जागून थकलेली असतात. काहीही करा, पण ह्याला कोठेतरी नेऊन ठेवा, अशी त्यांची विनवणी असते. अशा वेळी आजाऱ्यास त्याच्या इच्छेविरुद्ध गाडीत घालणे, त्याच्या नकळत अन्नातून औषध देणे, किंवा चौघांनी धरून ठेवून त्याच्यावर प्रार्थना करणे, ह्यांपैकी कशालाही आपला हात लागण्याचा संभव असतो. म्हणून सक्तीच्या उपचाराचा प्रश्न केवळ वैद्यांचा वा वकिलांचा आहे असे म्हणून आपणांस बाजूला होता येत नाही.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहास पहाटे आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्यू पावले. हे स्थान परधर्मीयांचे म्हणून आपण निर्दोष, असे मात्र कोणी समजू नये. घाना देशातील ख्रिस्ती प्रार्थना-छावण्यांतही रुग्ण साखळीने बांधलेले आढळल्याचे ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केले.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात गरसेकरांच्या प्रदेशातील मनुष्याची जी हकिकत आहे, तिच्यातील साखळदंड गावकऱ्यांनी घातलेले होते, आणि तो उपाय निष्फळ ठरला होता, हे शुभवर्तमानकार मुद्दाम सांगतो. तो मनुष्य शुद्धीवर आल्यावर बरोबर येऊ इच्छीत होता. तथापि प्रभूने त्यास त्याच्या घरी, त्याच्या माणसांत परत पाठविले. ह्या उताऱ्यावरून प्रत्येक मनोविकार म्हणजे भूतबाधाच, असा निष्कर्ष काढण्याची घाई आपल्याकडे फार होते. घरी परत पाठविण्यावर प्रवचन क्वचितच ऐकू येते. १० व्या अध्यायात आंधळ्या बार्तीमयाची गरज सर्वांस उघड दिसत असताही प्रभू त्यास काय हवे ते आधी विचारतो. संमतीचा विचार आपल्याला कायद्याने प्रथम शिकविला असे नव्हे.

तरीही कायदा नीट माहीत असणे अगत्याचे आहे. इंग्रजी अमदानीतील १९१२ च्या कायद्याचा सारा भर रुग्णास ताब्यात ठेवण्यावर होता. १९८७ च्या कायद्याने भाषा सौम्य केली. परंतु नातेवाइकांच्या अर्जावर रुग्णाच्या संमतीवाचून भरती करण्याची वाट त्यातही होती. २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली, आणि त्यास अनुसरून मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा झाला. तो २९ मे २०१८ पासून अमलात आहे.

ह्या कायद्याप्रमाणे रुग्ण स्वतःच्या संमतीने भरती होणे हा नियम, आणि संमतीवाचून भरती हा अपवाद होय. त्या अपवादालाही कुंपण आहे. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो. एक मनोविकारतज्ज्ञ व दुसरा एक वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक ह्यांनी रुग्णास स्वतंत्रपणे तपासावे लागते. रुग्णापासून स्वतःस वा इतरांस इजेचा धोका आहे, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने त्यास अपाय होईल, असे दोघांचेही मत पडावे लागते. शिवाय त्यास स्वतः निर्णय घेता येत नाही आणि ह्याहून कमी बंधनाचा मार्ग उरलेला नाही, हेही दिसावे लागते. मुदत अधिकांत अधिक ३० दिवस. ही भरती पुनर्विलोकन मंडळास सात दिवसांत, आणि स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास तीन दिवसांत, कळवावी लागते. त्या मंडळाकडे रुग्णास दादही मागता येते. घरच्यांची सही व पाळकांचे पत्र एवढ्यावर कोणास आत टाकता येईल, हा समज आता सोडून दिला पाहिजे.

कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास ह्या कायद्याने पूर्ण मनाई आहे. भूल दिल्यावाचून विजेचे झटके देणेही निषिद्ध आहे. भटकणारा रुग्ण पोलिसांनी ताब्यात घेतल्यास त्यास कोठडीत ठेवता येत नाही. आपल्या सेवेच्या दृष्टीने विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की समाजात रूढ असलेल्या नैतिक वा धार्मिक मतांप्रमाणे कोणी वागत नाही, एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरविता येत नाही. उपासनेस येणे सोडणारी मुलगी म्हणजे रुग्ण नव्हे. तसेच रुग्णांना काळजीसाठी वस्तीस ठेवून घेणाऱ्या संस्थेस, तिला प्रार्थनाभवन म्हटले तरी, नोंदणीवाचून चालविता येत नाही. रुग्णाचे आप्तांसमवेतचे राहते घर तेवढे ह्यातून वगळले आहे.

मग सक्ती नको तर काय, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे एक जुने उत्तर ख्रिस्ती इतिहासातच सापडते. बेल्जियममधील गेल ह्या गावी संत डिम्फ्ना हिच्या मंदिरात मध्ययुगापासून मनोरुग्ण आणले जात. मंदिरालगतची रुग्णांची खोली अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. पूर्वी तेथेही बेड्या वापरल्या जात, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु घरोघरी पाहुणे ठेवण्याची रीत टिकली. एकोणिसाव्या शतकात सरकारने तिची व्यवस्था हाती घेतली, आणि १९३८ च्या सुमारास गेलच्या कुटुंबांत ३,७०० हून अधिक रुग्ण राहत होते. आज ही संख्या पुष्कळ कमी झाली आहे. ह्या पाहुण्यांना बरे करण्याची अपेक्षा यजमानांकडून नसते. औषधोपचार वैद्य पाहतात. यजमान जेवू घालतात, शेतात वा घरात सोबतीला घेतात, त्यांच्या तऱ्हा सोसतात. २०२३ साली युनेस्कोने ह्या परंपरेची नोंद घेतली.

गेलची नक्कल आपल्या गावी होईल असे नाही. पण थकलेल्या मातेस दोन रात्री झोप मिळावी म्हणून मंडळीतील कोणी तिच्या मुलाजवळ बसणे, हे अशक्य नाही. पुष्कळदा सक्तीची वेळ घरच्यांच्या थकव्यातूनच येते. रुग्णाशी बोलताना त्याचे भास खोडून काढण्याचा हट्ट करू नये, मान्यही करू नयेत. त्याला भीती कशाची वाटते ते ऐकावे. प्रार्थना त्याला विचारून करावी, आणि तो नको म्हणाल्यास करू नये. उपासासाठी औषध बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. रुग्ण तयार असल्यास त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत जावे: गोव्यात बांबोळी, बेळगावकरांस धारवाड, ग्वाल्हेरीस तेथील मानसिक आरोग्यशाला, हैदराबादेस एर्रागड्डा. १४४१६ ह्या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनिसेवा विनामूल्य सल्ला देते. जिवास खरोखर धोका असेल तर मात्र वाट पाहू नये. कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करण्याची मुभा आहे.

आणखी एक काम बरे दिवस असतानाच करून ठेवावे. पुन्हा आजार उलटल्यास आपल्यावर कोणता उपचार व्हावा व कोणता होऊ नये, ह्याचा आगाऊ निर्देश प्रत्येक सज्ञान व्यक्तीस लेखी करून ठेवता येतो. आपल्या वतीने कोणी बोलावे, ती व्यक्तीही साध्या कागदावर सही वा अंगठा करून नेमता येते. ती नात्यातलीच असावी असे बंधन नाही. एखाद्या रुग्णाने ह्यासाठी पाळकांचे किंवा धर्मशिक्षकांचे नाव घातले, तर होकार लेखी द्यावा लागतो. तो देण्यापूर्वी त्या रुग्णास काय हवे आहे, हे त्याच्याजवळ बसून सविस्तर विचारून घ्यावे.