घर आपलं, बटण कुणाचं?

१९६९ साली अमेरिकेतल्या नायमन मार्कस या उंची दुकानाच्या कॅटलॉगात हनीवेल कंपनीचा स्वयंपाकघरासाठीचा संगणक झळकला. किंमत सुमारे १०,६०० डॉलर. पाककृती साठवणं आणि रोजचा बेत ठरवायला मदत करणं हे त्याचं काम. मात्र त्याला काही सांगायचं तर बटणं खाली-वर करायची आणि त्याचं उत्तर लुकलुकत्या दिव्यांतून वाचायचं. हे जमावं म्हणून दोन आठवड्यांचं प्रशिक्षणही सोबत देऊ केलं होतं. एकही नग विकला गेल्याची नोंद सापडत नाही.

'उद्याचं घर' तेव्हापासून नव्या नव्या नावांनी बाजारात येत राहिलं आहे. अपेक्षेइतका खप झाला नाही की खापर ग्राहकावर फुटतं. लोक बुजतात, त्यांना कळत नाही, वगैरे. मला हे निदान पटत नाही. पातळी ओळखून गच्चीवरच्या टाकीचा पंप आपोआप चालू-बंद करणारं यंत्र आपल्या सोसायट्यांनी कुणी प्रबोधन न करताच बसवून घेतलं. लाइट गेली की इन्व्हर्टर आपणहून सुरू होतो, त्याचंही कुणाला भय वाटत नाही. ही यंत्रं मुकाट्यानं काम करतात, पासवर्ड मागत नाहीत आणि बिघडली तर नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन ती दुरुस्त करतो.

कुरबुर सुरू होते ती पैसे मोजूनही वस्तूची दोरी विकणाऱ्याच्याच हातात राहते तेव्हा. घरातली वेगवेगळी उपकरणं एकत्र जोडणारी 'रिव्हॉल्व्ह' नावाची सुमारे ३०० डॉलरची डबी आजीवन सेवेच्या वचनासह विकली गेली होती. २०१४ मध्ये ती कंपनी गूगलच्या मालकीच्या 'नेस्ट'नं घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवाच बंद केली. डब्या शाबूत होत्या, फक्त निरुपयोगी झाल्या. 'आजीवन' म्हणजे कुणाचं जीवन, हे ग्राहकानं विचारलं नव्हतं. एप्रिल २०२२ मध्ये घरातली उपकरणं जोडणाऱ्या 'इन्स्टिऑन' या कंपनीचे सर्व्हर तर पूर्वसूचनेशिवाय थंडावले. शेवटी काही वापरकर्त्यांनीच एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली! दिवे लावण्यासाठी कंपनी विकत घ्यावी लागणं, ही हौस सगळ्यांना परवडणारी नाही.

दुसरी धास्ती डोळ्यांची. घरगुती कॅमेरे विकणाऱ्या 'रिंग' कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानं महिला ग्राहकांच्या शयनगृहांत आणि न्हाणीघरांत लावलेल्या कॅमेऱ्यांची हजारो चित्रणं पाहिली, असा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानं केला. २०२३ मध्ये कंपनीनं ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. नेदरलँड्समध्ये तर २००९ साली संसदेच्या वरिष्ठ सभागृहानं सक्तीचे स्मार्ट मीटर अडवले. थोड्या थोड्या वेळानं होणाऱ्या विजेच्या नोंदींवरून घरी कोण कधी असतं हे उघड होतं, हा तिथला मोठा आक्षेप होता. पुढे नकाराचा हक्क देऊनच योजना मार्गी लागली.

महाराष्ट्रातही मीटरला विरोध झाला, पण तो मुख्यतः खिशाच्या बाजूनं. आधी पैसे भरा, शिल्लक संपली की अंधार, ही कल्पनाच लोकांना रुचली नाही. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचं जाहीर केलं.

या चर्चेत घरातली माणसं मात्र क्वचितच येतात. भिंतीवरचं बटण आजीचं, पाहुण्याचं, धुणंभांडी करणाऱ्या मावशींचंही असतं. ॲपमधलं बटण ज्याचा फोन त्याचं. याचं भीषण टोक न्यूयॉर्क टाइम्सनं २०१८ मध्ये मांडलं. हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांच्या घरात एसी अचानक बंद पडे, दाराच्या कुलपाचा आकडा बदले, कुणी नसताना बेल वाजे. यंत्रं बहुधा पुरुषानं बसवलेली, ॲप त्याच्याच हातात. अशी बाई सावध झाली, तर तिला तंत्रज्ञानविरोधी कसं म्हणायचं?

ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेल्या अशा घरगुती वस्तूंसाठी कायदा लागू केला आहे. सहज ओळखता येतील असे सरसकट पासवर्ड आता चालत नाहीत, आणि सुरक्षेची सुधारणा किमान कधीपर्यंत मिळत राहील हे उत्पादकाला आधीच जाहीर करावं लागतं. दुकानात पंखा किंवा फ्रिज घेताना आपण गॅरंटी किती वर्षांची ते विचारतोच. स्मार्ट कुलूप घेताना त्याच्या जोडीला आणखी एक विचारायला हवं: कंपनी बुडाली तर हे दार किल्लीनं उघडतं का?