खोगीर, खोगीरभरती आणि अवघड पाठीचा घोडा

मराठींत 'खोगीरभरती' हा शब्द आज निंदेचा झाला आहे. मुद्दा थोडा आणि पृष्ठें फार असा ग्रंथ दिसला कीं त्यांत खोगीरभरती आहे असें आपण म्हणतों. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर हा शेरा आम्हींही वर्षानुवर्षें मारला आहे. परंतु ज्या वस्तूवरून हा शब्द निघाला तिच्याकडे पाहिलें असतां हा निंदार्थ अन्यायाचा वाटतो. घोड्याची पाठ बेढब असली म्हणजे त्याजवर बसतां येणें न येणें हें त्या भरतीवरच अवलंबून असे. हा केवळ शब्दाचा वाद नव्हे. ही गोष्ट न समजल्यामुळें आमच्या सल्ल्यानें एका जुन्या खोगिराचें नुकसान झालें, तें प्रथम सांगतों.

मुलुंड येथील आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं मोडी रुमालांबरोबर एक जुनें खोगीर विकत घेतलें. साष्टी १७३७ पासून १७७४ पर्यंत मराठ्यांच्या ताब्यांत होती. त्यावरून तें वसईच्या मोहिमेंतील असावें असा त्यांचा तर्क. त्यास आधार कांहींच नव्हता, आणि साष्टीच्या खाड्या व भातखाचरें हें घोडदळाचें रानही नव्हे. तें असो. खोगिराची डावी गादी उजवीपेक्षां जाड होती व पुढच्या टोकाशीं दोहोंतील भरती विरळ होती. उंदरांनीं कापूस नेला असावा असें समजून आम्हीं तें पिंजाऱ्याकडून सारखें करून घेण्यास सांगितलें. त्यानें जुनी भरती टाकून नवी भरली. पुढें जुहूच्या किनाऱ्यावर घोडे फिरविणाऱ्या एका वृद्ध गृहस्थास आम्हीं तें दाखविलें व पूर्वीची स्थिति सांगितली. तो म्हणाला, "मास्तर, खोगीर वाकडें नव्हतें, घोडा वाकडा होता."

त्याच्या म्हणण्याचा अर्थ समजण्यास घोड्याच्या पाठीची थोडी माहिती हवी. कण्यावर, म्हणजे मणक्यांच्या वर आलेल्या टोकांवर, कांहीं टेकतां कामा नये. म्हणून खोगिराच्या दोन गाद्यांमध्यें पन्हळीसारखी मोकळी जागा राखतात. पुढें खवाट्याचें हाड चालतांना मागें सरकतें, त्यास वाट हवी. मागें अठराव्या बरगडीपलीकडे कंबर लागते. तिला बरगड्यांचा आधार नाहीं. उरलेल्या जागेंत कण्याच्या दोन्ही अंगांच्या मांसावर भार सारखा वांटला गेला तर घोडा दिवसभर चालतो. तोच भार बोटभर जागेवर आला तर तेथील रक्त अडून कातडें मरतें. ग्रीक लेखक झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत कणा मांसांत बुडालेली 'दुहेरी' पाठ बसणाऱ्यास सुखाची म्हणून वाखाणली आहे.

अशी पाठ सर्व घोड्यांस कोठून असणार! कोणाचा मानेच्या बुडाशीं असलेला उंचवटा सुळक्यासारखा वर येतो व त्याच्या दोहों बाजूंस खड्डे असतात. अशास पुढें उंच भरती लागते, नाहींतर खोगिराची कमान त्या हाडावरच बसते. कोणास उंचवटा जवळजवळ नसतोच, पाठ पिंपासारखी गोल. मग तंग कितीही आवळला तरी खोगीर फिरतें किंवा मानेकडे सरकतें, व दुमचीनें मागें धरावें लागतें. येथें भरती वाढविणें उलट घातक, कारण स्वार जितका उंच तितकें खोगीर अधिक कलतें. पाठ खोलगट असली म्हणजे खोगीर पुढें व मागें टेकून मध्यें पुलासारखें अधांतरीं राहतें. तेथें मधल्या भागांत भरावें लागतें. एक खवाटा भरदार व दुसरा बसका असला तर बसक्या बाजूस अधिक भरती द्यावयाची, आणि पुढचीं टोकें विरळ ठेवून खवाटे मोकळे करावयाचे. आमच्या स्नेह्यांच्या खोगिरांत हेंच केलेलें होतें.

जुहूच्या त्या गृहस्थानें परीक्षाही दाखविली. फेरी संपल्यावर खोगीर उतरून पाठ पाहावी. गाद्यांखालीं घाम सारखा आला असेल तर ठीक. ओल्या भागांत मध्येंच कोरडा ठिपका दिसला तर तेथें फार दाबतें आहे किंवा मुळींच टेकत नाहीं. दोहोंपैकीं कोणतें, हें हात घालून ठरवावें.

गंमत अशी कीं शब्दांतही घामच आहे. फारसींत 'खोय' म्हणजे घाम व 'गीर' म्हणजे धरणारा. अरबी 'अरक' घेऊन झालेल्या 'अरकगीर' शब्दाचाही अर्थ तोच. आमच्याकडील जुना शब्द संस्कृत 'पर्याण' यापासून प्राकृतांतून आलेला 'पलाण'. शिवकालीं रघुनाथपंडितांनीं राज्यव्यवहारकोशांत यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, त्यांत चतुरंगवर्गही आहे. तथापि खोगीर मराठींतून गेलें नाहीं तें नाहींच. उलट खोगिराखालच्या 'नमद्या'चें इंग्रजांनीं 'नम्ना' करून तो शब्द आपल्या भाषेंत नेला. त्यांच्या लष्करांतील पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनीं १८९१ सालीं खोगीर व पाठीचे व्रण एवढ्याच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. संस्कृतांत नकुलाचें अश्वशास्त्र तंजावरच्या सरस्वती महालानें १९५२ सालीं चित्रांसह छापलें आहे, व जयदत्ताचें अश्ववैद्यक त्याच्या कितीतरी आधीं कलकत्त्यास छापलें गेलें. पण या शास्त्रांत आवर्तांच्या शुभाशुभास जितकी जागा मिळते तितकी पर्याणाच्या मापास मिळत नाहीं. तें ज्ञान जीनगर व मोतद्दार यांच्या हातांत राहिलें, म्हणून आतां तें वस्तूवरूनच वाचावें लागतें.

शिवाय एकाच घोड्याची पाठ बारा महिने सारखी राहत नाहीं. सभासदानें वर्णिल्याप्रमाणें पावसाळ्यांत लष्कर छावणीस येई आणि दसऱ्यास बाहेर पडे. छावणींत दाणावैरण खाऊन भरलेली पाठ उन्हाळ्यापर्यंत मोहिमेंत झडते. कणा वर येतो व दसऱ्यास बसलेलें खोगीर वैशाखांत लागूं लागतें. चिपळूणच्या छावणीस शिवाजीमहाराजांनीं पाठविलेल्या पत्रांत दाणावैरण बेतानें खर्च करण्याची जी कडक ताकीद आहे, तिचें महत्त्व या दृष्टीनेंही पाहावें. पानिपतावर १७६१ च्या आरंभीं उपाशी राहिलेल्या घोड्यांच्या पाठींची काय दशा असेल, हें निराळें सांगावयास नको. अशा वेळीं लाकडी सांगाड्याचें कठीण जीन बदलतां येत नाहीं. मऊ खोगीर मात्र शिवण उसवून मूठभर भरती घातली कीं पुन्हां बसतें. शिलेदाराचें घोडें त्याचें स्वतःचें, पाठ गेली कीं त्याची उपजीविका गेली. बारगिराचें घोडें सरकारी. तेथें काळजी किती घेतली जाई याचा वाचकांनींच विचार करावा.

कागद जमविणाऱ्यांसाठीं आणखी एक गोष्ट. दाबानें केसांचीं मुळें बिघडलीं म्हणजे त्या जागीं पुढें पांढरे केस येतात. मोगलांच्या 'दाग व चेहरा' पद्धतींत घोड्याच्या खुणा लिहून ठेवीत. असा कागद हातीं आल्यास व त्यांत पाठीवर पांढरें असल्याची नोंद निघाल्यास ती जन्मखूण समजण्यापूर्वीं जुन्या व्रणाचा संशय घ्यावा.

आणि खोगीर हातीं आलें तर तें दुरुस्त करूं नये. दोन्ही गाद्यांची जाडी पुढें, मध्यें व मागें मोजावी, भरती लोकर, कापूस कीं गवत तें न उसवतां दिसेल तेवढें लिहावें, खालच्या अस्तरावरील घामाचे डाग कागदावर उतरून घ्यावे. आमच्या स्नेह्यांच्या खोगिराचें अस्तर सुदैवानें पिंजाऱ्यानें बदललें नाहीं. त्याच्या डाव्या गादीवर मध्यभागीं हातभर लांब काळपट डाग आहे, उजवीवर त्याच जागीं कापड घासून विरलें आहे. त्या दोहोंचीं मापें आम्हीं आतां घेऊन ठेवलीं आहेत.