वाऱ्याशी भांडायचं नाही: कार्नूस्टीच्या लिंक्सवर एक दिवस

(या आठवड्याच्या एपिसोडचा हा मजकूर. अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच आहे.)

आजचा विषय गोल्फ. थांबा, स्किप करू नका. 'श्रीमंतांचा खेळ' असं मलाही वाटायचं. कंपनीने प्रोजेक्टसाठी एडिनबरोला पाठवलं, तोपर्यंत मी गोल्फची काठी हातात धरलेली नव्हती. तिथे ब्रंट्सफील्ड लिंक्स नावाचं सार्वजनिक मैदान आहे आणि त्यावर छोट्या होल्सचा कोर्स चक्क फुकट. आपल्याकडे पोरं बॅट घेऊन मैदानावर जातात, तशी तिथे काठी आणि बॉल घेऊन येतात. मी तिथे शिकलो, मग ब्रेड हिल्सच्या सार्वजनिक कोर्सवर दीड वर्ष धडपडलो.

व्हिसा संपायला दोन आठवडे उरले, तेव्हा ठरवलं की एकदा कार्नूस्टीला खेळायचं आणि शंभरच्या आत यायचं. गोल्फमध्ये अठरा होल्स मिळून जितके कमी फटके, तितकं चांगलं. माझा तोवरचा बेस्ट होता 103, तोही सोप्या कोर्सवर. कार्नूस्टीची फी भरताना बोट 'पे' बटणावर बराच वेळ अडलं होतं. परत पुण्याला गेल्यावर हे जमणार नव्हतं, म्हणून दाबलं एकदाचं.

लिंक्स म्हणजे काय?

आपल्या इंटरनेटच्या लिंकशी याचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत उंचवट्याला जो शब्द होता, त्यावरून हा आला. समुद्राची वाळू संपते आणि शेतजमीन सुरू होते, त्यांच्या मधला वाळूचा, उंचसखल पट्टा म्हणजे लिंक्स. कोकणात पुळणीच्या मागे आणि माडांच्या आधी जी वाळूची जमीन असते, तशीच, फक्त थंड आणि बारीक गवताची. नांगरायला निरुपयोगी, म्हणून तिथे मेंढ्या चरायच्या आणि लोक खेळायचे.

या जमिनीमुळे खेळच बदलतो. टीव्हीवर जे हिरवंगार, मऊ गोल्फ दिसतं, तिथे बॉल उंच मारला की पडतो तिथेच थांबतो. लिंक्सवर वाळूतून पाणी लगेच निचरून जातं, जमीन टणक राहते. बॉल पडतो, टप्पा घेतो आणि उतार नेईल तिकडे पळत सुटतो. म्हणजे तुम्ही मारता तो अर्धाच शॉट असतो, उरलेला अर्धा जमीन मारते.

वारा आणि थोडं फिजिक्स

कार्नूस्टी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डंडीच्या पुढे. गाव इतकं गोल्फवेडं की तिथल्या एका रेल्वे स्टेशनचं नावच 'गोल्फ स्ट्रीट'. कोर्सला लागून लष्कराचं बॅरी बडन हे सरावाचं मैदान आहे. मी बॉल ठेवला आणि पलीकडून गोळीबाराचे आवाज सुरू झाले. म्हटलं, छान स्वागत आहे!

माझ्यासोबत तिथलेच एक निवृत्त गृहस्थ होते. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणत होतो. पहिल्याच होलवर समोरून वारा. मी काय केलं? सगळी ताकद लावली. बॉल वर गेला, आणखी वर गेला आणि जवळजवळ डोक्यावर येऊन पडला.

यामागचं कारण बीटेकच्या पहिल्या वर्षातलं आहे. फटका मारल्यावर बॉल उलटा फिरतो, आणि त्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलते. समोरून वारा आला की बॉलवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, म्हणून तो आणखी वर उचलला जातो. जोरात मारलं की फिरकीही वाढते. म्हणजे वाऱ्याशी जितकं भांडाल, तितका तो जिंकतो. उपाय उलटा आहे: लांब पल्ल्याची काठी घ्या, बॉल थोडा मागच्या पायाकडे ठेवा, अर्धाच स्विंग करा आणि बॉल खालून सरपटत जाऊ द्या. ग्रीनच्या बाहेर तीस यार्डांवर असाल तरी बिनधास्त पटरने ढकला. दिसायला गचाळ दिसतं, पण चालतं.

खड्डे

दुसऱ्या होलवर बंकरमध्ये गेलो. लिंक्सचे बंकर म्हणजे पसरट वाळू नव्हे. छोटे, खोल खड्डे, आणि गवताची ढेकळं विटांसारखी रचून बांधलेली उभी भिंत. आजूबाजूचा उतार असा की जवळून जाणारा बॉलही आत ओढला जातो.

मी भिंतीवरून पुढे मारायला गेलो. बॉल परत पायाशी. पुन्हा मारला, पुन्हा पायाशी. तिसऱ्यांदाही तेच. त्या होलवर नऊ फटके लागले. आजोबा शांतपणे म्हणाले, "पोरा, मागे का नाही मारलास? मागे तर भिंत नव्हती."

मागे! हे डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याला वाटतं की प्रत्येक फटका पुढेच गेला पाहिजे.

दोन माणसं, एक ओढा

आता कार्नूस्टीची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट. 'द ओपन' ही जगातली सगळ्यात जुनी मोठी स्पर्धा इथे आठ वेळा झाली आहे. 1953 मध्ये बेन होगन आयुष्यात एकदाच ती खेळायला आला आणि इथेच जिंकून गेला. सहाव्या होलला आज 'होगन्स ॲली' म्हणतात.

पण लोकांच्या लक्षात जास्त राहिलं ते 1999. ज्याँ व्हॅन द वेल्ड हा फ्रेंच खेळाडू शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. चारच्या होलवर सहा लागले असते तरी तो चॅम्पियन होता. इथे बॅरी बर्न नावाचा ओढा सापासारखा वळत आडवा येतो, आणि शेवटी थेट ग्रीनच्या पुढ्यात उभा राहतो. पहिला फटका भरकटला, पण वाचला. आता आरामात ओढ्याअलीकडे बॉल ठेवायचा, एवढंच काम. त्याने थेट ग्रीनकडे मारला. बॉल प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून, ओढ्याच्या दगडी भिंतीला लागून उंच गवतात. पुढचा फटका ओढ्यात. गडी बूट-मोजे काढून पाण्यात उतरला, शेवटी पेनल्टी घेऊन बाहेर आला. त्यानंतर बंकर. एकूण सात. प्ले-ऑफमध्ये स्कॉटलंडचा पॉल लॉरी जिंकला, जो सकाळी दहा फटके मागे होता.

2007 मध्ये पॅड्रिग हॅरिंग्टनचा बॉल याच होलवर एकदा नाही, दोनदा ओढ्यात गेला. त्याने दोन्ही वेळा पेनल्टी घेतली, पुढचा फटका नीट मारला आणि सहामध्ये संपवलं. मग प्ले-ऑफमध्ये सर्जिओ गार्सियाला हरवून चॅम्पियन झाला.

चूक दोघांचीही झाली. फरक चुकीनंतरच्या फटक्यात होता.

माझा अठरावा होल

सतरा होल्सनंतर माझे फटके झाले 92. म्हणजे शेवटच्या होलवर सात लागले तर 99. व्हॅन द वेल्डला जे सात महागात पडले, तेच मला हवे होते. हात घामेजले, वारा असूनही.

पहिला फटका उजवीकडे, घोट्याइतक्या गवतात. तिथून ग्रीन दिसत होतं, आणि खरं सांगतो, मनात आलंच, 'लागला तर लागला! पुन्हा कधी येणारोय इथे?' आजोबा काहीच बोलले नाहीत, माझ्या हातातल्या लांब काठीकडे फक्त बघत राहिले.

मी ती परत बॅगेत ठेवली. छोटी काठी घेऊन आडवं मारलं, पुढे जवळजवळ काहीच नाही. दोन. तिसरा ओढ्याच्या बराच अलीकडे ठेवला. चौथा ओढ्यापलीकडे, ग्रीनच्या कडेला. पाचवा पटरने, लांबच राहिला. सहावा होलच्या कडेवरून फिरून बाहेर. उरलं हातभर अंतर. त्या हातभर अंतरासाठी मी जितका वेळ घेतला, तितका कुठल्याच रिलीजच्या आधी घेतला नसेल.

सात. 99.

आजोबांनी टोपी काढून हात मिळवला, तिथली ती रीत आहे. म्हणाले, "आज तुझा सगळ्यात चांगला फटका कुठला होता, माहितीये? आडवा मारलास तो."

स्कोअरकार्ड आता पुण्यात माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे. प्रॉडक्शनला काही फुटलं, रात्री दोनला फोन आला आणि एका झटक्यात सगळं सुधारायची खुमखुमी आली, की मी आधी विचारतो: आडवा फटका कुठला आहे? आधीच्या व्हर्जनवर परत जाता येईल का?

तर मंडळी, तुमच्या आयुष्यातला असा एखादा आडवा फटका असेल तर व्हॉइस नोट पाठवा, निवडक नोट्स पुढच्या वेळी ऐकवतो. आणि 'गोल्फ आपल्यासाठी नाही' म्हणणाऱ्या मित्राला हा एपिसोड नक्की फॉरवर्ड करा. भेटूच, काळजी घ्या!