चौकट : जहाज कधी अडकते?

शिरड शहापूर समुद्रापासून दूर. पण या पट्ट्यातली हळद न्हावा शेवाहून परदेशी निघते, तेव्हा तिच्या कंटेनरला आणि तो नेणाऱ्या जहाजाला पुढचे नियम लागू होतात.

भाररेषा : जहाजाच्या दोन्ही बाजूंवरची खूण, म्हणजे वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ. शेजारी उन्हाळा, हिवाळा, उष्ण कटिबंध, गोडे पाणी यांच्या वेगळ्या रेघा. गोड्या पाण्यात जहाज अधिक बुडते, म्हणून ती रेघ वर. लागू असलेली रेघ पाण्याखाली गेली, की माल जादा. मोजपट्टीही लागत नाही!

उगम : ब्रिटिश खासदार सॅम्युअल प्लिमसॉल यांचा लढा, १८७६ चा कायदा. सध्याचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ चा, अंमल १९६८ पासून.

कंटेनर : १ जुलै २०१६ पासून प्रमाणित वजनाशिवाय जहाजावर चढत नाही.

अटकाव की अटक? अटकाव प्रशासनाचा : नौवहन महासंचालनालयाचे (मुख्यालय मुंबई) सर्वेक्षक तपासतात, दोष दूर होईपर्यंत जहाज सुटत नाही. अटक न्यायालयाची : थकीत देणी, टक्कर, खलाशांचे पगार अशा दाव्यांत मुंबई उच्च न्यायालय आदेश देते; कायदा २०१७ चा.

परदेशी झेंडा : सूट नाही. हिंदी महासागरातील देशांचा तपासणी करार १९९९ पासून लागू, भारत सदस्य.