परकी भाषा आणि घरची माणसे : एका सामाजिक प्रतिक्रियेचे विवेचन

भाषाशिक्षणाचा विचार करताना शिकणारा, शिकविणारा आणि पाठ्यपुस्तक या तीन घटकांकडे अभ्यासकांचे लक्ष साहजिकच प्रथम जाते. चौथा घटक बहुधा दुर्लक्षित राहतो. तो घटक म्हणजे शिकणाऱ्याच्या घरची माणसे आणि त्याचे सोबती. वर्गात ऐकलेले नवे शब्द घेऊन विद्यार्थी घरी परततो, तेव्हा तेथे त्या शब्दांचे कौतुक होते, थट्टा होते, की ते न ऐकल्यासारखे केले जाते, यावर त्या भाषेचे त्याच्या आयुष्यातील पुढचे स्थान पुष्कळ अंशी अवलंबून असते. या प्रतिक्रियेमागील कारणांची छाननी करणे आणि यवतमाळ जिल्ह्यासारख्या बहुभाषिक प्रदेशात ती कोणते रूप घेते हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच ‘परकी’ या शब्दाचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. समुद्रापलीकडची भाषा तेवढी परकी, हा अर्थ राजकीय नकाशावर आधारलेला आहे. कुटुंबाच्या दृष्टीने परकी भाषा ती, जी घरातल्या एकाला समजते आणि इतरांना समजत नाही. या अर्थाने पुण्यातील एखाद्या घरात इंग्रजी परकी ठरते, तशी झरी-जामणी तालुक्यातील कोलामांच्या पोडावर प्रमाण मराठीही परकी ठरू शकते. यवतमाळ जिल्ह्यात मराठी आणि तिची वऱ्हाडी बोली यांच्याबरोबर बंजारा समाजाची गोरमाटी, गोंडी, कोलामी आणि उर्दू या भाषा नांदतात. दक्षिणेकडील सीमेवर तेलुगूचा संपर्क आहे. यांपैकी गोंडी व कोलामी या द्राविडी कुळातील, तर गोरमाटी राजस्थानीशी नाते सांगणारी. कोलामीची नोंद ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात आहे, आणि एमेनो यांनी १९५५ साली तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. व्याकरणाच्या दृष्टीने तिचा अभ्यास झाला. ती बोलणाऱ्या घरातील मूल दुसरी भाषा शिकू लागले म्हणजे घरात काय घडते, हा प्रश्न मात्र त्या वर्णनाच्या कक्षेबाहेरचा होता.

पोडावरील आणि तांड्यावरील घरांचा या बाबतीतील अनुभव मुख्यतः मौखिक राहिला आहे. परक्या भाषेबद्दलची घरची प्रतिक्रिया मराठीत तपशीलवार लिहिलेली पाहावयाची असेल, तर रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथाकडे वळावे लागते. काळ, प्रांत, जात आणि सांपत्तिक स्थिती या सर्वच दृष्टींनी ते घर यवतमाळच्या पोडापासून दूर आहे. तथापि, प्रतिक्रियेचे घटक वेगळे करून पाहण्यास ते विशेष सोयीचे आहे. म्हणून प्रथम त्या घराचा विचार करून मग जिल्ह्याकडे येणे इष्ट होईल.

एक घर, एक भाषा, दोन शिकणारे

महादेव गोविंद रानडे हे मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. १८५९ साली ते मॅट्रिक झाले आणि १८६२ साली बी. ए. झाले. त्यांच्या इंग्रजीने घरात नोकरी, वेतन आणि प्रतिष्ठा आणली. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाई त्या घरात सून म्हणून आल्या. पतीने त्यांना आधी मराठी व नंतर इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ केला, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सुरू झाला. टोमणे, अबोला, कामात खोड काढणे अशी त्या रोषाची अनेक रूपे रमाबाईंनी नोंदविली आहेत. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले. त्याच्या खटपटीच्या काळात रमाबाईंनी सभेत इंग्रजी निवेदन वाचले, तेव्हा तर हा रोष अधिकच वाढला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घर तेच, भाषा तीच. बदलली ती केवळ शिकणारी व्यक्ती. रानड्यांच्या इंग्रजीला ज्या घराने हरकत घेतली नाही, त्याच घराने रमाबाईंच्या इंग्रजीला घेतली. अर्थात विरोधाचे मूळ इंग्रजीच्या परकेपणात शोधणे अपुरे ठरते. ‘म्लेंच्छांची भाषा’ हा आक्षेप तोंडी असला तरी तो मुख्य नव्हता. तसे असते तर तो घरातील कर्त्या पुरुषालाही लागू झाला असता.

मग विरोध कशाला होता? रमाबाईंच्या निवेदनातूनच त्याचे तीन घटक काढता येतात. पहिला घटक वेळेचा. एकत्र कुटुंबात सुनेचा वेळ हा तिचा स्वतःचा मानला जात नसे. तिने पुस्तकापाशी घालविलेला तास स्वयंपाकघरातील दुसऱ्या कोणा स्त्रीच्या अंगावर पडत असे. पुरुषाचा अभ्यास कमाईच्या खाती जमा होई. सुनेचा अभ्यास कामचुकारपणाच्या. दुसरा घटक अनुज्ञेचा. स्त्रियांच्या दालनात सासू-नणंदांची सत्ता चाले. पतीने थेट पत्नीला शिकविणे म्हणजे त्या सत्तेला वळसा घालणे होते. घरातील स्त्रियांनी रमाबाईंना दिलेला सल्ला या दृष्टीने फार बोलका आहे. नवऱ्याने अभ्यासाचा आग्रह धरला तरी त्याला नकार देऊ नये, पण सांगितलेले करूही नये, म्हणजे तो आपोआप कंटाळून नाद सोडील, असा त्या सल्ल्याचा आशय होता. जिला उघड नकाराचा अधिकार नाही तिने टाळाटाळीचे हत्यार वापरावे, ही त्या स्त्रियांची पिढ्यानुपिढ्यांची नीती होती. आणि नवी सून तिच्यात सामील होत नाही, हे त्यांचे खरे दुःख होते. तिसरा घटक संवादाचा. इंग्रजीमुळे पती-पत्नींमध्ये बोलण्याचा असा एक प्रदेश निर्माण झाला, ज्यात घरातील इतर स्त्रियांना प्रवेश नव्हता. ज्यांच्या समोर सर्व काही बोलले जात असे, त्या एकाएकी बाहेर राहिल्या.

वेळ, अनुज्ञा आणि संवाद या तीन गोष्टींच्या वाटणीत बदल झाला, की कुटुंब अस्वस्थ होते. परकी भाषा हे त्या बदलाचे निमित्त असते.

प्रश्न भाषेचा नव्हे, परत येण्याचा

या अनुमानाची पडताळणी दुसऱ्या एका सुप्रसिद्ध उदाहरणावरून होते. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्या घरी परिस्थिती नेमकी उलट होती. त्यांचे पती गोपाळराव यांचाच शिक्षणाविषयी आग्रह होता, आणि तो आग्रह कित्येकदा कठोर होई. विरोधाप्रमाणे अतिरिक्त आग्रह हीदेखील कुटुंबाची एक प्रतिक्रियाच आहे, आणि शिकणाऱ्याच्या इच्छेला ती तितकीच झाकून टाकू शकते, हे विसरून चालत नाही.

अमेरिकेस जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी श्रीरामपूर (बंगाल) येथे इंग्रजीत जाहीर भाषण केले. आप्त, परिचित आणि समाज आपणास जे विचारतो त्याची मांडणी त्यांनी सहा प्रश्नांत केली होती. अमेरिकेस का जाता, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परतल्यावर बहिष्कार पडणार नाही काय, संकट ओढवल्यास काय कराल, आणि कोणत्याही स्त्रीने न केलेले तुम्हीच का करता, असा त्या प्रश्नांचा आशय होता. भाषण इंग्रजीत होते; पण ‘इंग्रजी का शिकलात’ हा प्रश्न त्या सहांत नाही. समाजाची चिंता आहे ती जाण्याची, एकटेपणाची आणि परत येण्याची. शिकलेली व्यक्ती पुन्हा आपल्या पंगतीत बसेल काय, ही शंका सर्व प्रश्नांच्या मुळाशी आहे. अमेरिकेतही आपण हिंदू म्हणूनच राहू, हे आनंदीबाईंचे आश्वासन या शंकेलाच उत्तर होते.

मित्रमंडळींच्या थट्टेचा अर्थही येथेच सापडतो. मराठीत इंग्रजी ‘बोलतात’, तशी ती ‘झाडतात’ आणि ‘फाडतात’ही. ‘फाडफाड इंग्रजी’ या शब्दप्रयोगात कौतुक आणि टोमणा यांची भेसळ इतकी बेमालूम आहे, की ऐकणाऱ्याला कोणते घ्यावे ते प्रसंगावरून ठरवावे लागते. वऱ्हाडी बोलणाऱ्या सोबत्यांत एखाद्याने प्रमाण मराठीचा सूर लावला तरी त्याची अशीच फिरकी घेतली जाते. अशी थट्टा म्हणजे निष्ठेची परीक्षा होय. थट्टा सहन करून जो पुन्हा घरच्या बोलीत उत्तर देतो, तो ‘आपला’ राहतो. ज्याला ते साधत नाही तो हळूहळू नवी भाषा तरी मिटवितो, नाही तर जुने सोबती तरी सोडतो.

यवतमाळच्या पोडावर आणि तांड्यावर

आता यवतमाळकडे वळल्यास तेच तीन घटक दिसतात. त्यांची मांडणी मात्र वेगळी असते. येथे शिकावयाची भाषा हौसेची नसते. शाळा, दवाखाना, तहसील, बँक आणि बाजार यांची ती भाषा असते. त्यामुळे कुटुंबाचा उघड विरोध सहसा आढळणार नाही. उलट मुलाने मराठी आणि पुढे इंग्रजी शिकावे अशीच इच्छा असते. वेळेचा प्रश्न तरीही राहतो. कापूस वेचणीच्या हंगामात मुलाचे दोन हात शाळेत अडकणे हे शेतमजूर कुटुंबास खरोखर परवडत नाही. अशा वेळी दिसणारी नाराजी भाषेविषयीची उदासीनता म्हणून नोंदविणे हा निरीक्षकाचा प्रमाद होईल.

अनुज्ञेचा क्रम येथे उलटा होतो. आईबापांना जो कागद वाचता येत नाही तो मूल वाचते. अधिकाऱ्याशी बोलणे त्याच्या मुखातून होते. दहा-बारा वर्षांचे मूल घराचा दुभाष्या बनते, आणि व्यवहाराची किल्ली वडिलांकडून त्याच्याकडे जाते. यात अभिमान असतो, तसाच संकोचही असतो. वडिलांच्या कर्जाची वा आजाराची हकीकत मुलाने परक्यास सांगावी, हे दोघांनाही अवघड जाते.

सर्वांत दूरगामी परिणाम संवादाच्या घटकाचा. लॅम्बर्ट या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने द्वैभाषिकत्वाचे दोन प्रकार मानले आहेत. एकात दुसरी भाषा पहिलीत भर घालते. दुसऱ्यात ती पहिलीची जागा घेते. पहिल्याला बेरजेचे आणि दुसऱ्याला वजाबाकीचे द्वैभाषिकत्व म्हणता येईल. गोरमाटीची स्थिती तुलनेने पहिल्या प्रकाराजवळ आहे. तिचे भाषक अनेक राज्यांत पसरलेले असून तांड्यातांड्यांमधील व्यवहार तिच्यातून चालतो. पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक कायद्याचे शिक्षण घेऊन १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. बाहेरची भाषा शिकूनही तांड्याशी नाते राहू शकते, याची अशी दृश्य उदाहरणे समाजासमोर असतात तेव्हा परत येण्याविषयीची शंका सौम्य होते.

कोलामीची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रात कोलाम हे अतिदुर्बल आदिम जमातींत गणले जातात. २०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची देशभरातील संख्या सव्वा लाखाच्या थोडी वर होती. त्याच गणनेत गोंडी बोलणारे एकोणतीस लाखांहून अधिक होते. इतक्या लहान भाषेच्या घरात मुलाच्या भल्यासाठी म्हणून आईबाप त्याच्याशी तोडक्यामोडक्या मराठीतच बोलू लागले, तर ही प्रतिक्रिया वरवर अनुकूल दिसते. वस्तुतः रानड्यांच्या घरातील विरोधापेक्षा ती अधिक खोल परिणाम करते. तेथे सून भाषा शिकली आणि घरची भाषा जागच्या जागी राहिली. येथे मूल भाषा शिकते आणि घर आपली भाषा मागे घेते. आजी मात्र कोलामीतच बोलत राहते, आणि तिच्या गोष्टी समजणारा ऐकणारा घरात उरत नाही.

या माघारीमागे पुष्कळदा एक समज असतो: दोन भाषांच्या ओझ्याने मूल मागे पडते. पील आणि लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियल येथील मुलांच्या १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात द्वैभाषिक मुले बुद्धिमापन चाचण्यांत एकभाषिकांपेक्षा सरस आढळली. तेथील दोन्ही भाषांना समाजात प्रतिष्ठा होती, हा फरक लक्षात ठेवूनही एवढे म्हणता येते, की घरची भाषा जपल्याने नवी भाषा बिघडते या समजाला त्या अभ्यासाचा आधार मिळत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे संविधानाचा १९५६ साली समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५० क सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही, शक्य असेल तेथवर, शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे असे म्हटले आहे. मात्र घराने आधीच सोडलेली भाषा शाळा एकटी राखू शकत नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने

वरील विवेचनाचा संशोधनाशी थेट संबंध आहे. ‘आपल्या मुलाने परकी भाषा शिकावी असे आपणास वाटते काय?’ या प्रश्नाला यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक घरे होकारच देतील, आणि त्या होकारातून फारसे काही कळणार नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचारावयास हव्यात. शिकण्याचा वेळ कोणाच्या श्रमातून निघतो? नव्या भाषेमुळे घरातील निर्णयाचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला? आणि पूर्वी ज्या बोलण्यात सर्व सहभागी होते, त्यातून आता कोण बाहेर राहिले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीकडे मिळेल, आणि ते तिच्याच भाषेत ऐकावे लागेल. त्यासाठी संशोधकाला स्वतः कोलामी किंवा गोंडी शिकावी लागेल. त्या वेळी त्याच्या स्वतःच्या घरची माणसे काय म्हणतात, हीदेखील नोंद करून ठेवण्याजोगी बाब ठरेल.