निंबादैत्याचा पाडवा

मराठी गावात शिरताना पहिली गाठ बहुधा मारुतीशी पडते. वेशीजवळ किंवा पाराशेजारी शेंदूर माखलेला तो उभा असतो. नवरदेव गावात आला की आधी त्याच्याच देवळात उतरतो, कुस्तीच्या आखाड्यात त्याचा फोटो लागतो, शनिवारी तेल त्याला जातं. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात अकरा मारुती स्थापन केले आणि बलोपासनेला गावोगावी नेलं. अंजनीच्या पोटी तो जन्मला ती अंजनेरी आपल्याच नाशिक जिल्ह्यात, असं आपण अभिमानाने सांगतो. असं असताना, त्या नाशिकला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीच्या अहमदनगरात) एक गाव आहे, जिथे मारुतीचं देऊळ नाही, मुलाचं नाव मारुती ठेवत नाहीत आणि हनुमानाचा जयघोषही करत नाहीत. पाथर्डी तालुक्यातलं नांदूर निंबादैत्य. इथलं ग्रामदैवत दैत्य आहे, त्याचं नाव गावाच्या नावातच आहे आणि त्याची यात्रा गुढीपाडव्याला भरते.

वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून हे गाव अधूनमधून दिसतं, ते बहुतेक वेळा नवल म्हणून: देवाऐवजी राक्षसाला पुजणारं गाव. ही मांडणी मला खटकते. गावात सांगितली जाणारी कथा नीट ऐकली तर त्यात देवाशी वैर कुठेच सापडत नाही.

ही कथा दोन तऱ्हांनी सांगतात. एकीत राम वाल्मिकी ऋषींच्या भेटीसाठी केदारेश्वराला आलेला असतो. निंबादैत्याची वस्ती तिथेच. तो रामाची सेवा करतो, भक्त होतो आणि राम त्याला वर देतो: तुझ्या वस्तीत लोक तुलाच दैवत मानतील, इथे हनुमानाची पूजा होणार नाही. दुसरीत सीतेच्या शोधात निघालेला हनुमान या रानात येतो आणि त्याची निंबादैत्याशी जुंपते. मार बसल्यावर दोघेही रामाचा धावा करतात. आपल्या भक्ताला कोण मारतंय म्हणून राम पाहतो, तर मारणाराही भक्त आणि मार खाणाराही भक्त. मग निवाडा होतो आणि हा मुलूख निंबादैत्याला मिळतो.

मला दुसरी कथा अधिक मोलाची वाटते. दोन भक्तांचं भांडण आणि धन्याने केलेली हद्दीची वाटणी, एवढाच तिचा गाभा आहे. बांधावरून भांडणाऱ्या भावकीत असा निवाडा गावाने कितीदा पाहिला असेल. यात राम पूज्य राहतो, हनुमानही रामाचा राहतो. फक्त या शिवारात त्याने पाऊल टाकायचं नाही. आपल्या पुराणांत भक्त दैत्य नवा नाही. हिरण्यकशिपूचा प्रल्हाद, प्रल्हादाचा विरोचन आणि विरोचनाचा बळी, हे सगळे दैत्यकुळातलेच. विष्णूने ज्याला पाताळात घातलं त्या बळीच्या दारी विष्णू स्वतः राखणदार झाला, असंही आपणच सांगतो. निंबादैत्याला त्याच कुळात बसवलं की गावाची श्रद्धा विचित्र वाटेनाशी होते.

दैत्याला अशी जागा देणारी जवळपासची उदाहरणं पाहू. याच जिल्ह्यातल्या नेवाशाला, जिथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली, मोहिनीराजाचं देऊळ आहे. अमृतवाटपात देवांच्या पंगतीत चोरून बसलेल्या राहूचा शिरच्छेद मोहिनीने इथे केला आणि त्याचं डोकं राहुरीला पडलं, असं या भागात सांगतात. त्याच्या नावाने तालुक्याचं गाव वसलं. जेजुरीला मणी आणि मल्ल या दैत्यांना खंडोबाने मारलं, पण मणी शरण आला, आपला घोडा त्याने देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागून घेतली. त्याला वेगळा नैवेद्य आहे. मल्लाचं शिर पायरीशी, तरीही देवाच्या ‘मल्हारी’ या नावात तो आहेच. पुणे जिल्ह्यातल्या वीरला तर म्हस्कोबाचं जोगूबाई देवीशी थाटात लग्न लागतं. म्हसोबात आणि म्हस्कोबात महिषासुर पाहणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात नोंदवलं आहे, की जिच्या हातून तो मरतो ती देवी काही ठिकाणी त्याची बायको आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर हिंडून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात रानातला राकट देव वस्तीत कसा येतो आणि वस्तीचा होताना स्वतःचं काय राखून ठेवतो, हे दिसतं.

महाराष्ट्राबाहेरही अशी गावं आहेत. उत्तराखंडातल्या द्रोणागिरीला हनुमानावर राग आहे, कारण संजीवनीसाठी त्याने त्यांचा डोंगर उचलून नेला. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या मलनडा देवळात दुर्योधनाला मान आहे. मनालीला हिडिंबेचं १५५३ मधलं लाकडी देऊळ आहे. पण द्रोणागिरीच्या मनात तक्रार आहे. नांदूरला तक्रार नाही, शब्द पाळणं आहे. हा फरक मला मोठा वाटतो.

तो शब्द रोजच्या जगण्यात कसा पाळला जातो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण मोटारीचं आहे. गावात मारुती कंपनीची गाडी घेत नाहीत. या नियमाची जन्मतारीख जवळजवळ सांगता येते: १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाच्या हाती पडली. त्याआधी हा नियम असण्याचं कारणच नव्हतं. म्हणजे ही प्रथा जुनाट आणि साचलेली नाही, ती नव्या वस्तूंकडेही डोळे उघडे ठेवून पाहते. कारखान्यातून नवा मारुती निघाला तेव्हा गावाने जुन्या निवाड्याचा अर्थ त्यालाही लावला. एका डॉक्टरांची गोष्ट सांगतात. त्यांनी मारुती ८०० घेतली आणि दवाखान्यात येणारे रोगी थांबले. ती विकून टाटा सुमो घेतली तेव्हा ते परत येऊ लागले. गावातल्या वाहनांवर ‘निंबादैत्य कृपा’ रंगवलेलं असतं. इतर गावांत ज्या जागी ‘जय हनुमान’ दिसतं, ती जागा इथे दैत्याची आहे.

निंबादैत्याचं देऊळ जुनं, दगडी. गाव त्याला हेमाडपंती म्हणतं. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि चुन्याविना दगडावर दगड बसवलेल्या किती तरी देवळांना लोकांनी त्याचं नाव दिलं आहे.

यात्रा पाडव्यालाच का, याचं पुराणातलं उत्तर काहीही असो, पाथर्डीच्या जमिनीचं स्वतःचं एक उत्तर आहे. हा तालुका पर्जन्यछायेतला, बीड जिल्ह्याला लागून. खरिपावर वर्ष निघत नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाथर्डीतून, शेजारच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासारमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बिऱ्हाड ट्रकमध्ये, लेकरं बिऱ्हाडावर आणि मुक्काम कारखान्याजवळच्या कोप्यांत. हंगाम मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो, तेव्हाच चैत्र लागतो.

ऊसतोड कामगाराचं हे वर्ष दोन पाडव्यांच्या मधे बसतं. जायची वेळ बळीच्या पाडव्याच्या आसपास, परतायची गुढीच्या. साडेतीन मुहूर्तांतले हे दोन दिवस. पहिल्या पाडव्याला शेतकऱ्याच्या घरी बळीचं राज्य परत यावं म्हणून मागणं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त याच बळीला कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं. दुसऱ्या पाडव्याला या एका गावात निंबादैत्याची यात्रा भरते. एका दैत्याच्या दिवसात माणूस घर सोडतो आणि दुसऱ्याच्या दिवसात घरी येतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण पोटासाठी पांगलेल्या मुलखाला असा ग्रामदेव किती उपयोगी पडत असेल! पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले, दूर कुठे धंद्यात रुळलेले, सगळे पाडव्याला नांदूरला येतात. दारोदार गुढ्या असतात आणि गाव एरवीपेक्षा कितीतरी भरलेलं असतं. वर्षभराचे निरोप, सोयरिकीची बोलणी, देण्याघेण्याचे हिशेब यात्रेच्या दिवसांत होतात, जसे ते मराठी मुलखातल्या कुठल्याही जत्रेत होतात.

या यात्रेबद्दल मनापासून आदर वाटूनही एका ठिकाणी मी अडतो. गावात आणखी एक गोष्ट सांगितली जाते. लातूरकडचा एक मजूर कामासाठी गावात आला. त्याचं नाव मारुती. तो अचानक ओरडू लागला, उड्या मारू लागला. त्याला देवळात नेलं, पण तो शांत झाला नाही. शेवटी कुणीतरी नाव विचारलं, ते ऐकल्यावर त्याचं नाव बदलून लक्ष्मण ठेवलं आणि तो ताळ्यावर आला. दैत्याच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून ही गोष्ट सांगतात. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. परमुलखात, परक्या भाकरीवर, अनोळखी माणसांत काम करणाऱ्याचं मन कधी कधी फाटतं. ऊसतोडीच्या तळांवर असं घडलेलं ऐकलेलं आहे. त्या माणसाला कदाचित झोप, अन्न आणि औषध हवं होतं. त्याला नवं नाव मिळालं. ते रामाच्या भावाचं, म्हणजे मानाचंच होतं, आणि भोवती जमलेल्यांनी त्याच्या भल्यासाठीच ते दिलं, हे मी मानतो. तरीही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव गेलं.

डॉक्टरला गाडी बदलता आली. त्याच्याकडे दुसरी घेण्याइतके पैसे होते. नियमाची किंमत मजुराने स्वतःच्या नावातून मोजली. ज्या तालुक्यातली माणसं दरवर्षी सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकच्या फडात जातात, तिथे मुकादमाच्या वहीत ‘कोयता क्रमांक अमुक’ एवढीच ओळख उरण्याचा अनुभव घेतात, त्या तालुक्यातल्या गावाला हे समजावून सांगावं लागू नये. रामाने दिलेल्या वरात किंवा निवाड्यात, कथा कुठल्याही तऱ्हेने ऐकली तरी, हद्द निंबादैत्याची आणि तिथे मारुतीला जागा नाही, एवढंच आहे. पोटासाठी आलेल्या माणसाच्या नावाबद्दल त्यात शब्दही नाही. गावाने मोटारीपर्यंत निवाड्याचा अर्थ वाढवला, तसा तो इथे आवरताही येईल. तो अधिकार गावाचाच आहे, आणि पाडव्याला सगळा गाव एका जागी असतो, तेव्हा बोलायला त्याहून चांगला दिवस नाही.