मुंबईच्या समुद्रात पेरलेले सुरुंग

पहिल्या महायुद्धातल्या जर्मन नौकांपैकी ‘एमडेन’ आपल्याला ठाऊक आहे, कारण तिने १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागल्या. पण मुंबईशी गाठ पडली ती ‘वुल्फ’ची, आणि तिची कहाणी मला जास्त विलक्षण वाटते.

मूळची ही मालवाहू बोट. वेग जेमतेम, त्यामुळे तिचं खरं बळ लपण्यात होतं. तोफा आडोशामागे झाकलेल्या आणि पोटात साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग. नोव्हेंबर १९१६ मध्ये जर्मनीचं कील बंदर सोडून कप्तान कार्ल नेर्गर आफ्रिकेला वळसा घालून आला आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याने कोलंबो व मुंबईजवळ सुरुंग पेरले.

सुरुंग तळाशी नांगरलेला, पाण्याखाली तरंगत असतो. त्याच्या शिशाच्या शिंगावर जहाज आदळलं की आतली काचनळी फुटते, आम्ल सांडून वीज तयार होते आणि स्फोट होतो. पेरणारा तोवर कुठल्या कुठे गेलेला असतो! मुंबईजवळ ‘मंगोलिया’ ही प्रवासी बोट बुडाली ती जूनमध्ये, तब्बल चार महिन्यांनी. तेव्हा ‘वुल्फ’ न्यूझीलंडच्या बाजूला होती. तिथे तिच्या छोट्या समुद्री विमानाने ‘वैरुना’ या बोटीवर चिठ्ठी टाकून तिला शरण आणलं.

कोळसा आणि अन्न पकडलेल्या बोटींतूनच मिळे. त्यांतल्या माणसांना मात्र कैदी म्हणून सोबत नेलं जाई. अखेरीस चारशेहून अधिक कैदी दाटीवाटीने कोंबलेले होते; त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. २४ फेब्रुवारी १९१८ रोजी, ४५१ दिवसांनी, ‘वुल्फ’ कीलला परतली. वाटेत ती एकाही बंदराला लागली नव्हती.